रयचा शंकेखोर हकीम

अब्दुल्ला इब्न सवादाचा ताप कुठल्याच हिशेबात बसत नव्हता. कधी सहा दिवसांनी यायचा, कधी एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड, तर कधी रोज. येण्याआधी थोडी हुडहुडी भरायची. लघवीला वारंवार जावं लागायचं. तपासणाऱ्या हकिमाने दोन शक्यता सांगितल्या. एक तर या तापाला पुढे दोन दिवसांआड येण्याची लय सापडेल, नाहीतर मूत्रपिंडात गळू झालेलं असेल. थोड्याच काळात लघवीतून पू पडला. आता हा ताप परत येणार नाही, असं हकिमाने सांगितलं आणि तसंच झालं. मग लघवी स्वच्छ होईपर्यंत मूत्रल औषधं आणि त्यानंतर जखम भरून यावी म्हणून औषधी माती, धूप आणि हिरादखण.

इथे कुणीही वैद्य टिपण संपवून मोकळा झाला असता. निदान खरं ठरलं, रोगी बरा झाला, आणखी काय हवं? पण या हकिमाने पुढे जे लिहिलं ते स्वतःच्याच विरोधात. गळवाची गोष्ट आपल्याला पहिल्या दिवशीच ठामपणे का सांगता आली नाही, याचा त्याने झाडा घेतला. रोग्याला पूर्वी हिवतापाचे निरनिराळे प्रकार होऊन गेले होते, म्हणून मन तिकडेच ओढ घेत राहिलं. उभं राहिल्यावर कमरेत वजन लोंबल्यासारखं वाटतं, हे रोग्याने सांगितलं नाही आणि आपणही ते विचारायचं राहून गेलं. वारंवार होणाऱ्या लघवीवरून संशय बळावायला हवा होता. पण त्याच्या वडिलांनाही मूत्राशयाचं दुखणं होतं, हे आपल्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे जे विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, असा कबुलीजबाबच.

हा हकीम म्हणजे अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया अल्-राझी. जन्म इसवी सन ८६५, मृत्यू ९२५, दोन्ही रय या गावी. हे जुनं शहर आज तेहरानच्या दक्षिण अंगाला महानगरात विरून गेलं आहे. युरोपने त्याला राझेस म्हटलं आणि पाचशे वर्षं त्याची पुस्तकं विद्यार्थ्यांना शिकवली. वैद्यकाच्या इतिहासात देवी आणि गोवर वेगळे ओळखायला शिकवणारा म्हणून त्याला मानाचं पान आहे. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात मात्र त्याची ओळख पाखंडी अशी आहे, आणि ती करून देणारे बहुतेक त्याचे विरोधक आहेत. चांगला वैद्य, पण वाया गेलेला विचारवंत, असे त्याचे दोन तुकडे नंतरच्या लोकांनी केले. त्याला स्वतःला ही वाटणी मंजूर नव्हती. अब्दुल्लाच्या टिपणात दिसणारी उलटतपासणीची सवय त्याने गॅलनला लावली, धर्मगुरूंना लावली आणि आत्म्यालाही लावली.

रय त्या काळी पूर्व-पश्चिम व्यापारी वाटेवरचं भरभराटीचं शहर होतं. बगदादमध्ये अब्बासी खलिफांचं राज्य असलं तरी इराणच्या पूर्वेकडे स्थानिक घराणी डोकं वर काढत होती. आपल्याकडे दख्खनवर राष्ट्रकूटांची सत्ता होती आणि अरब प्रवासी त्यांच्या राजाला बल्हारा या नावाने ओळखत होते. अशा जगात वाढलेल्या राझीने तरुणपणी ऊद हे तंतुवाद्य वाजवलं, मग किमयेच्या भट्ट्यांपुढे बसला. वैद्यकाकडे तो उशिरा वळला. रयच्या आणि पुढे बगदादच्या इस्पितळाचा तो प्रमुख झाला. बगदादला इस्पितळाची जागा ठरवायची होती तेव्हा त्याने शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगले आणि जिथे ते सर्वांत उशिरा सडले तिथे बांधकाम करायला सांगितलं, ही गोष्ट हमखास सांगितली जाते. गोष्ट छान आहे, पण ती ज्या अदुदी इस्पितळाला चिकटवतात ते बांधलं गेलं राझी वारल्यानंतर निम्म्या शतकाने. तेराव्या शतकात वैद्यांची चरित्रं लिहिणाऱ्या इब्न अबी उसैबिआलाही ही अडचण दिसली होती.

त्यापेक्षा विश्वास ठेवावा असं चित्र इब्न अन्-नदीम या बगदादच्या ग्रंथविक्रेत्याने दिलं आहे. ९८७च्या सुमारास त्याने आपली प्रचंड ग्रंथसूची पूर्ण केली, आणि राझीला पाहिलेल्या रयच्या एका म्हाताऱ्याची आठवण त्यात उतरवून ठेवली. मोठ्या, पोत्यासारख्या डोक्याचा हा वृद्ध शेख मजलिशीत बसायचा. त्याच्या पुढे त्याचे शिष्य, त्यांच्या पुढे शिष्यांचे शिष्य, आणि त्यांच्याही पुढे आणखी नवखे. रोगी आला की आपलं दुखणं तो आधी बाहेरच्या रांगेला सांगे. त्यांना उलगडा झाला तर ठीक, नाहीतर प्रश्न आत सरके. सगळ्यांनी हात टेकले की राझी तोंड उघडे. तो उदार होता, गरिबांवर स्वतः उपचार करी, त्यांना पैसेही बांधून देई. आणि कधीही जा, म्हातारा सांगतो, तो काहीतरी लिहीत बसलेला असायचा, कच्चा खर्डा तरी नाहीतर पक्की प्रत तरी.

याच नदीमने राझीच्या तोंडची म्हणून आणखी एक नवलकथा दिली आहे. एक चिनी विद्वान त्याच्याकडे येऊन वर्षभर राहिला. पाच महिन्यांत अरबी बोलायला-लिहायला शिकला. जाण्याच्या महिनाभर आधी म्हणाला, गॅलनचे सोळा ग्रंथ मला वाचून दाखवा, मी उतरवून घेतो. राझी आणि त्याचे शिष्य वाचू लागले, तर हा त्यांच्या वाचण्यापेक्षा वेगाने लिहू लागला. कुठलीशी लघुलिपी असावी. पडताळून पाहिलं तेव्हा मजकूर बरोबर निघाला. गॅलनचं हे वजन ध्यानात घेतल्याशिवाय राझीचं धाडस कळत नाही. दुसऱ्या शतकातल्या या ग्रीक वैद्याची पुस्तकं म्हणजेच वैद्यक, अशी भूमध्य समुद्रापासून खुरासानपर्यंत समजूत होती.

राझीने गॅलनवर एक सबंध ग्रंथ लिहिला, ‘अश्-शुकूक अला जालिनूस’, म्हणजे गॅलनविषयीच्या शंका. सुरुवातीलाच तो हात जोडतो. ज्याच्याकडून आपण सर्वांत जास्त शिकलो, ज्याचं ऋण फिटणार नाही, त्याच्याविरुद्ध लिहिताना आपल्याला यातना होतात, असं सांगतो. पण लगेच पुढचं पाऊल टाकतो. वैद्यक आणि तत्त्वज्ञान यांत गुरूपुढे निमूट मान तुकवणं चालत नाही, आणि खुद्द गॅलननेही आपल्या पूर्वसुरींना सोडलेलं नाही. मग शंकांची सरबत्ती. काही शंका तर्काच्या आहेत, जसं की विश्व अनादि आहे की नाही याविषयी गॅलन वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळं कसं बोलतो. काही साध्या निरीक्षणाच्या आहेत. गरम पेय प्यायल्यावर शरीराला जी ऊब येते ती कधी कधी त्या पेयात मुळात असलेल्या उष्णतेहून जास्त असते. मग औषधाने शरीराला आपलीच उष्णता दिली, एवढंच म्हणून कसं भागेल? आणि तापांच्या वाटचालीविषयी गॅलनने बांधलेले नियम रय आणि बगदादच्या इस्पितळांत आपण पाहिलेल्या अनेक रोग्यांना लागू पडले नाहीत, हेही तो बजावतो.

त्या काळी वैद्य पुस्तकाला रोगी लावून पाहत. राझी रोग्याला पुस्तक लावून पाहत होता.

याचा सर्वांत गाजलेला नमुना सरसामाचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहाचा आहे. डोकं आणि मान जड होऊन दुखते, झोप उडते, उजेड सहन होत नाही, अशी पूर्वचिन्हं दिसली की शीर तोडून रक्त काढावं, असं तो लिहितो. पुढे सांगतो की आपण एका गटाचं रक्त काढलं आणि दुसऱ्या गटाचं मुद्दाम काढलं नाही, म्हणजे या उपायाविषयीचा संशय फिटेल. ज्यांना तसंच ठेवलं त्या सगळ्यांना सरसाम झाला. आजचे लोक हे वाचून त्याला थेट आधुनिक चाचण्यांचा जनक करून टाकतात. तेवढी घाई नको. गटात किती माणसं होती हे तो सांगत नाही, त्यांची निवड कशी केली हेही नाही, आणि ज्यांना तसंच ठेवलं त्यांना विचारलं होतं का, हा प्रश्न त्या काळात कुणाला पडलाही नसता. रक्त काढण्याने हा आजार टळत नाही, हे आता आपल्याला माहीत आहे. तरीही उपाय केला नसता तर काय झालं असतं, हे पाहण्याची गरज त्याला वाटली, आणि दहाव्या शतकात ती फार थोड्यांना वाटत होती.

देवी आणि गोवरावरची त्याची पुस्तिका छोटी आहे. तिच्यातलं कारणमीमांसेचं प्रकरण आज टिकत नाही. द्राक्षाचा रस आंबून जशी मद्याकडे वाटचाल करतो तसं बालपणीचं रक्त आंबतं आणि त्या उकळीत पुटकुळ्या येतात, म्हणून जवळपास प्रत्येक मुलाला देवी येतात, असं तो म्हणतो. लक्षणांकडे वळल्यावर मात्र लेखणी बदलते. पाठदुखी देवीत अधिक. मळमळ, बेचैनी, घालमेल गोवरात अधिक. पुरळ कसं उठतं, कधी पिकतं, कुठला रंग आशेचा आणि कुठला धोक्याचा, डोळे कसे वाचवायचे, व्रण राहू नयेत म्हणून काय करायचं, हे सगळं आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचं लिखाण आहे. लॅटिन आणि ग्रीक रूपांतरांतून ही पुस्तिका युरोपभर पोचली. लसीकरण सुरू होऊन अर्धशतक झाल्यावरही, १८४८ साली, लंडनच्या सिडनहॅम सोसायटीने तिचं इंग्रजी भाषांतर छापलं.

छोट्या गोष्टींकडेही त्याचं असंच लक्ष असे. अबू झैद अल्-बल्खी या नामांकित विद्वानाला वसंतात गुलाबांचा वास घेतला की सर्दी होते, याचं कारण शोधणारं एक टिपण त्याने लिहिलं. जवळ वैद्य नसलेल्या माणसासाठी घरगुती उपचारांचं पुस्तक लिहिलं. लोक निष्णात वैद्याला सोडून भोंदूकडे का जातात, यावर लिहिलं. कसलेला वैद्यही सगळे रोग का बरे करू शकत नाही, यावरही लिहिलं. हे शेवटचे दोन विषय आजच्या मासिकातही बिनदिक्कत खपतील.

त्याच्या नावावरचा सर्वांत मोठा ग्रंथ ‘अल्-हावी’ त्याने ग्रंथ म्हणून लिहिलाच नाही. ती त्याची आयुष्यभराची खासगी टिपणवही. एकेक आजार घ्यायचा, त्यावर कोण काय म्हणालं ते ओळीने उतरवायचं, आणि शेवटी ‘माझं मत’ अशी खूण करून स्वतःचा अनुभव टाकायचा. राझी गेल्यावर रुक्न उद्-दौलाचा वजीर इब्न अल्-अमीद याने त्याच्या बहिणीकडून हे कागद विकत घेतले आणि शिष्यांकरवी लावून घेतले. ग्रीक, सिरियाक, फारसी वैद्यांच्या त्या गर्दीत शरक आणि सुस्रुद अशीही नावं भेटतात. ही आपल्या चरक-सुश्रुतांची अरबी रूपं. राझीच्या जन्माच्या साठ-सत्तर वर्षं आधी बगदादच्या बरमकी वजिरांनी भारतीय वैद्यकाचे ग्रंथ अरबीत आणवले होते. मंका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुताचं काम केलं, तर चरक आधी फारसीत आणि तिथून अरबीत गेला. राझीला संस्कृत येत नव्हतं, भाषांतरं अधूनमधून लंगडी होती. पण गॅलनच्या शेजारी चरकाला बसवताना तो कुणाच्या कुळाची चौकशी करत नाही. दोघांच्याही खाली शेवटी त्याचं स्वतःचं मत येतंच.

इथवरचा राझी सगळ्यांना आवडतो. खटके पुढे उडतात.

रयमध्येच त्याच नावाचा दुसरा एक विद्वान होता, अबू हातिम अल्-राझी, इस्माइली पंथाचा प्रचारक. या दोघांचे वाद झडले आणि त्यांचा वृत्तान्त अबू हातिमने लिहून ठेवला. वृत्तान्त प्रतिपक्षाचा आहे, त्यात तो आपल्या हकिमाचं नावसुद्धा घेत नाही, नुसता पाखंडी म्हणतो. तेव्हा तो जपूनच वाचायला हवा. राझीने प्रेषितांची कल्पनाच नाकारली होती की पंथाच्या इमामांपुढे डोळे मिटून मान तुकवणं नाकारलं होतं, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण वादाचा गाभा स्पष्ट आहे. राझी विचारतो, ईश्वर दयाळू आणि शहाणा असेल तर त्याने मोजक्या माणसांना ज्ञान देऊन बाकीच्यांना त्यांच्या मागे का लावावं? त्यातून तट पडतात, लढाया होतात, माणसं मरतात. त्यापेक्षा आपलं हित-अहित कळण्याची बुद्धी त्याने सर्वांनाच दिली असणार.

अबू हातिम कच्चा वादपटू नव्हता. माणसं सारखी नसतात हे डोळ्यांना दिसतं, तो म्हणतो, आणि तू स्वतःच शिष्यांचा पुढारी होऊन बसला आहेस की! यावर राझीचं उत्तर असं की माणसं बुद्धीने कमी नसतात, त्यांनी लक्ष दुसरीकडे लावलेलं असतं. पोटापाण्याच्या व्यवहारात जो चलाख असतो त्याने तीच मेहनत विचारात घातली तर त्यालाही सगळं साधेल. मग प्रतिपक्षी मर्मावर बोट ठेवतो. तत्त्वज्ञ आपसांत भांडतात, तू तुझ्या गुरूंना खोडतोस, उद्या तुला कुणी खोडील, मग सत्य कुणाकडे? राझी सांगतो, जो प्रामाणिकपणे शोध घेतो तो सत्याच्या वाटेवरच असतो, मुक्कामाला पोचला नाही तरी. आधीच्यांच्या ज्ञानात नंतरचा स्वतःच्या शोधाची भर घालतो, म्हणून तो त्यांच्या पुढे जाऊ शकतो. आणि अशा शोधाचा थोडा जरी स्पर्श झाला तरी आत्मा या जगाच्या गाळातून तेवढा निवळतो.

ज्ञान आणि आत्मा यांची ही सांगड कळायला त्याची विश्वाची कल्पना पाहावी लागते. पाच गोष्टी अनादि आहेत, असं तो मानी: ईश्वर, आत्मा, द्रव्य, काळ आणि अवकाश. आत्मा सजीव आहे पण अजाण आहे. त्याला द्रव्याची ओढ लागली, त्यात शिरून सुख भोगावं असं वाटलं. पण घडण करणं त्याला जमेना, नुसता गोंधळ माजला. तेव्हा ईश्वराने दया येऊन जगाला नीट आकार दिला, आणि आत्म्याला जाग यावी, हे आपलं घर नव्हे हे कळावं, म्हणून बुद्धी पाठवली. ईश्वराने त्याला आधीच का अडवलं नाही, या प्रश्नाला राझीने दिलेलं उत्तर अबू हातिमने नोंदवलं आहे. बापाला ठाऊक असतं की त्या बागेत फुलांबरोबर काटे आहेत, नांगी मारणारे जीव आहेत. पण मूल रडून हट्ट धरतं. मग तो त्याला आत जाऊ देतो. एकदा डंख बसला की ते आपसूक परत येईल आणि पुन्हा त्या वाटेला जाणार नाही.

कुराणाच्या चौकटीत पाच अनादि तत्त्वं बसणं शक्य नव्हतं आणि अॅरिस्टॉटलच्या अनुयायांनाही ही कहाणी पोरकट वाटली. वैद्याच्या बाजूने पाहिलं तर मात्र ती ओळखीची वाटते. इथे अज्ञान हा रोग आहे, बुद्धी हे औषध आहे, आणि रोगी स्वतःच्या अनुभवाने शहाणा होतो.

हे औषध रोज कसं घ्यायचं, ते ‘अत्-तिब्ब अर्-रूहानी’ या वीस प्रकरणांच्या पुस्तकात आहे. रयचा सामानी सुभेदार मन्सूर इब्न इसहाक याच्यासाठी राझीने शरीराच्या वैद्यकावर ‘अल्-मन्सूरी’ लिहिलं होतं. हे त्याचंच जोडपुस्तक, आत्म्याच्या वैद्यकाचं. पहिलं प्रकरण बुद्धीच्या थोरवीचं. पुढे मत्सर, क्रोध, खोटेपणा, कंजुषी, शोक, खादाडपणा, दारू, पैशाची हाव असे विकार एकेक करून तपासले आहेत. आपले दोष आपल्याला दिसत नाहीत, म्हणून ते तोंडावर सांगणारा एखादा शहाणा मित्र जोडावा, हा सल्ला त्याने गॅलनकडूनच उचलला आहे. उपदेशाची झोड उठवणारी पुस्तकं त्या काळी पुष्कळ होती. या पुस्तकाचा सूर निराळा आहे, अधूनमधून तो मिस्कीलही होतो. दाढीशी चाळा करण्याची खोड लागलेल्या एका राजाची गोष्ट त्यात आहे. वजिराने धीर करून शहाण्या माणसासारखा एकदाच पक्का निश्चय करायला सुचवलं, तेव्हा राजा संतापाने लाल झाला, पण त्याची खोड गेली. सोवळ्याच्या वेडाने पछाडलेल्यांनाही तो चिमटा काढतो. घाणीवर बसलेल्या माश्या तुमच्या कपड्यांवरही बसतात आणि त्याच कपड्यांत तुम्ही प्रार्थना करता. तेव्हा स्वच्छता इंद्रियांना जाणवते तेवढीच मानावी.

सुखाविषयीचं त्याचं म्हणणं या पुस्तकाच्या मुळाशी आहे. सुख म्हणून स्वतंत्र असं काही नसतं, बिघडलेली स्थिती मूळपदावर येताना जे जाणवतं ते सुख. ना गरम ना गार अशा जागी माणूस बसला आहे. तो उन्हात जातो, भाजून निघतो, परत सावलीत येतो. आता त्याला केवढं सुख वाटतं! पण अंग पूर्ववत झालं की ते सुखही संपतं, जागा तीच असली तरी. म्हणून सुखाच्या मागे धावणारा नकळत आधी दुःखाच्या मागे धावत असतो. प्रत्येक बऱ्या होणाऱ्या रोग्याच्या चेहऱ्यावर हे पाहिलेल्या माणसाचा हा सिद्धान्त आहे.

शेवटचं प्रकरण मृत्यूच्या भीतीचं. ज्याला वाटतं की शरीराबरोबर आत्माही संपतो, त्याला राझी म्हणतो, मग मेल्यावर दुखायला कुणी उरणारच नाही, भीती कशाची? आत्म्याचं पुढचं अस्तित्व तो स्वतः मानत होता. तरी न मानणाऱ्यालाही त्याच्याच भूमीवर उभं राहून धीर द्यायचा, ही रीत वादपटूची कमी आणि वैद्याची जास्त.

उतारवयात त्याच्यावर आरोप झाला की हा स्वतःला सॉक्रेटिसचा अनुयायी म्हणवतो, पण राजेलोकांत वावरतो, कमावतो, खातो-पितो. त्याला उत्तर म्हणून ‘अस्-सीरा अल्-फल्सफिया’ हे छोटं आत्मनिवेदन आलं. सॉक्रेटिसचं वैराग्य सुरुवातीचं होतं, तो म्हणतो, पुढे त्याने लग्न केलं, मुलं झाली, लढाईत शत्रूशी झुंजला, मेजवान्यांना गेला. शरीराला उगाच यातना देणं राझीला मान्य नव्हतं. देह जाळणारे आणि लोखंडाच्या अणकुच्यांवर स्वतःला झोकून देणारे हिंदुस्थानातले लोक, स्वतःचं खच्चीकरण करणारे मानी पंथी, मठांत कोंडून घेणारे ख्रिस्ती आणि कामधंदा सोडून मशिदीत ठाण मांडणारे मुसलमान, अशी सगळ्यांचीच नावं तो एका दमात घेतो. प्राण्यांनाही विनाकारण पीडा देऊ नये. हिंस्र श्वापदं मारावीत, राबणाऱ्या जनावरांवर क्षमतेबाहेर ओझं लादू नये. प्राण्यांच्या देहातून आत्म्याला सुटका नाही, ती फक्त माणसाच्या देहातून मिळते, असं तो लिहितो आणि पुनर्जन्माच्या कल्पनेच्या अगदी उंबऱ्यावर जाऊन उभा राहतो.

राजदरबारी आपण शिपाई किंवा कारभारी म्हणून गेलो नाही, आजारपणात वैद्य आणि बरेपणी सोबती-सल्लागार म्हणून गेलो, हा त्याचा खुलासा. मग तो आपल्या कामाचा हिशेब मांडतो. सुमारे दोनशे पुस्तकं आणि लेख. एका वर्षात ताविजांवरच्या बारीक अक्षरात वीस हजारांहून जास्त पानं. वैद्यकाच्या महासंग्रहावर पंधरा वर्षं रात्रंदिवस मेहनत. त्यात दृष्टी अधू झाली, हाताचे स्नायू गेले. आता स्वतः वाचता-लिहिता येत नाही, म्हणून दुसऱ्याकडून वाचून आणि लिहून घेतो.

शेवटी तो पूर्ण आंधळा झाला. कुणी म्हणालं बाकल्याच्या शेंगा फार खाल्ल्याने, कुणी म्हणालं किमयेच्या पुस्तकातली कृती साधली नाही म्हणून संतापलेल्या मन्सूरने ते पुस्तक त्याच्या डोक्यावर आपटल्याने. त्याने स्वतः दिलेलं कारण समोर असताना या कथांची गरज नव्हती. डोळ्यांवर शस्त्रक्रिया करायला आलेल्याला त्याने परत पाठवलं. एका कथेप्रमाणे डोळ्याला पडदे किती, हे त्या वैद्याला सांगता आलं नाही, आणि वर राझी म्हणाला की जग पुरेसं पाहून झालं आहे. अल्-बिरूनीची हकिकत जास्त साधी आहे. तबरिस्तानहून आलेल्या शिष्याचे त्याने आभार मानले, पण मरण जवळ आलं असताना उपचाराचा त्रास नको म्हणून सांगितलं.

तो गेल्यावर तुकडे पाडायला सुरुवात झाली. इब्न सीनाने बिरूनीशी झालेल्या पत्रव्यवहारात त्याची संभावना करून टाकली. याने गळवं फोडावीत, लघवी आणि शौच तपासावं, ईश्वरविद्येत नाक खुपसू नये, असा त्याचा आशय. बाराव्या शतकात मैमोनिडिस या ज्यू वैद्य-तत्त्वज्ञानेही तेच सांगितलं, की हा नुसता वैद्य, त्याचं ईश्वरविद्येचं पुस्तक निरुपयोगी. गंमत अशी की हे दोघेही स्वतः वैद्य होते आणि दोघांनीही ईश्वरविद्येत मनसोक्त संचार केला. बिरूनीची वृत्ती जास्त गुंतागुंतीची. हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणाऱ्या या विद्वानाने राझीच्या पुस्तकांची यादी कष्टाने जमवली. १८४ नावं, त्यांत वैद्यकाची ५६, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. दोन पुस्तकं मात्र त्याने थेट ‘कुफ्र’ या मथळ्याखाली टाकली. राझीचं वाचून आपल्यालाही तरुणपणी मानी पंथाच्या गूढ पुस्तकांची ओढ लागली, चाळीस वर्षं शोध केला आणि ती हाती आल्यावर पोकळ निघाली, असं तो काहीसं चिडून लिहितो.

प्रतींची नक्कल कोण करतं यावर पुस्तकाचं आयुष्य ठरतं. वैद्यकाच्या पुस्तकांना गिऱ्हाईक होतं. १२७९ साली फराज बेन सालिम या सिसिलीतल्या ज्यू अनुवादकाने आंजूच्या चार्ल्स राजासाठी ‘अल्-हावी’ लॅटिनमध्ये आणला आणि १४८६ मध्ये तो इटलीतल्या ब्रेशा गावी छापला गेला. ईश्वरविद्येचं पुस्तक मात्र कुणी उतरवून घेतलं नाही, ते हरवलंच. त्यातलं जे काही आज वाचता येतं ते खंडन करणाऱ्यांनी खोडण्यासाठी म्हणून दिलेल्या उताऱ्यांत. हे उतारे, ‘तिब्ब रूहानी’ आणि आत्मनिवेदन यांचा संग्रह पॉल क्राउस या प्राग शहरात जन्मलेल्या संशोधकाने १९३९ मध्ये कैरोत छापला. राझीच्या तत्त्वज्ञानावरचं आजचं जवळपास सगळं काम त्या एका पुस्तकावर उभं आहे.

‘अल्-हावी’चा मूळ अरबी मजकूर सबंध छापला गेला तो मात्र दख्खनमध्ये. हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ उस्मानिया या संस्थेने १९५५ पासून तो क्रमाने प्रसिद्ध केला. पहिला खंड निघाला तेव्हा मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच होता. एकूण २३ खंड झाले. शरक, सुस्रुद आणि जालिनूस त्यांत आपापल्या जागी आहेत, आणि त्यांच्या मागोमाग राझीची ‘माझं मत’ ही खूणही.